दोन बागा, मध्ये डांबरी रस्ता आणि एक बिनपासिंगची एटीव्ही

कातळकडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

राजापूर तालुक्यात आमची हापूसची १६० कलमं आहेत. बाग दोन तुकड्यांत. वरचा तुकडा सड्याला (उघड्या कातळाच्या माळाला) लागून, खालचा घराच्या मागे, आणि मधून ग्रामपंचायतीचा डांबरी रस्ता. वरचे क्रेट खाली आणायचे ते डोक्यावरून. नेपाळी गडी टिकले तर ठीक, नाहीतर मी आणि धाकटा भाऊ. दादांना (वडील) ७४ पूर्ण झाली, पण वर एक फेरी मारल्याशिवाय जेवायला बसत नाहीत.

परवा पुण्याहून मावसभावाचा फोन. त्याच्या ओळखीतलं एक रिसॉर्ट बंद होतंय, तीन एटीव्ही (चिखलावाळूत फिरवायच्या चार चाकी, हँडलवाल्या क्वाड बाइक) विकून टाकायच्यात. २५० सीसी, मागे लोखंडी कॅरियर, एकीचे एक लाख पस्तीस हजार. आरसी नाही, कधी नव्हतीच. तिन्ही गाड्यांचं मिळून एकच बिल आहे. विकणारा म्हणतो, "वर वीस हजार द्या, ट्रॅक्टर म्हणून पासिंग करून देतो, आरटीओत आपली माणसं आहेत."

असं पासिंग होतं का? नाही झालं तर फक्त बागेत फिरवायला चालेल का? आणि मधला रस्ता नुसता आडवा ओलांडायचा असेल तर? रस्ता जेमतेम १२ फुटी आहे हो.

बारातेराचा_पाना

भावा, आधी एक काम कर. पैसे खिशात ठेव.

कोल्हापुरात गॅरेज आहे माझं, असल्या चार-पाच गाड्या खोलल्यात. नवीन गाडीच्या नोंदणीला तीन फॉर्म लागतात. २० नंबर तुझा अर्ज, २१ नंबर डीलरचं विक्री प्रमाणपत्र, २२ नंबर कंपनीचं रस्त्यालायक असल्याचं प्रमाणपत्र. त्यातला २२ नंबर कंपनी कधी देते? त्या मॉडेलचा नमुना सरकारमान्य संस्थेत तपासून पास झाला असेल तर. ती परीक्षा गाडीची नसते, मॉडेलची असते. रिसॉर्टवाल्या गाड्या ती परीक्षा द्यायला कधी गेलेल्याच नसतात. मग पुढं कुणाची का ओळख असेना.

चासी नंबर कुठं मारलाय ते बघ. फोटो टाक.

गावठी_कोंबडा

एवढं काय घाबरायचं? आमच्याकडे निम्मे ट्रॅक्टर नंबरप्लेटीशिवाय फिरतात, ट्रॉल्यांचं तर बोलायलाच नको. राजापूरच्या आतल्या वाडीत कोण आरटीओवाला येतोय? घ्या आणि चालवा. दादा खूश होतील.

पदरमोड

@गावठी_कोंबडा, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण निम्मंच आहे. मी मोटार अपघात दाव्यांचं काम करतो. वाडीत पोलीस येत नाहीत हे खरं, पण कुणाला धक्का लागला की तेच पोलीस पंचनाम्याला येतात आणि पहिला प्रश्न नंबर आणि विमा हाच असतो.

धागाकर्त्यांसाठी सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८. कलम ३९ सांगतं की नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक किंवा इतर कुठल्याही ठिकाणी चालवायचं नाही. कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी दंड २,००० ते ५,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ५,००० ते १०,००० किंवा एक वर्षापर्यंत कैद. विमा नसणं हा वेगळा गुन्हा, कलम १९६, पहिल्या खेपेला २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडाचे आकडे बाजूला ठेवा. विम्याविना एखाद्याच्या पायावरून गाडी गेली तर नुकसानभरपाई तुम्ही स्वतः भरायची, आणि बागायतदाराची जमीन सगळ्यांना दिसते.

आता "फक्त बागेत" हा मुद्दा. कायद्यात मोटार वाहनाची व्याख्या देतानाच, फक्त कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास प्रकारची वाहनं वगळलेली आहेत. यावर खाणीतल्या डंपरांवरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं झाली आहेत, म्हणून त्या पळवाटेवर मी फार वजन टाकणार नाही. विम्याची सक्ती सार्वजनिक ठिकाणापुरती आहे, पण नोंदणीच्या कलम ३९ मध्ये "इतर कुठल्याही ठिकाणी" हेही शब्द आहेत. म्हणून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत, बाहेरच्यांना येण्याचा हक्क नसलेल्या तुमच्या खाजगी जमिनीत फिरवलीत तरी नोंदणीचा प्रश्न उरतोच, ती जोखीम तुमची.

रस्त्याचं तर आणखी अवघड आहे. सार्वजनिक ठिकाण म्हणजे रहदारीचा रस्ता असो वा नसो, लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा. त्यात आडवं आणि उभं असा भेद नाही. १२ फूट ओलांडले तरी ते १२ फूट सार्वजनिकच.

कातळकडा

@पदरमोड, आभारी आहे. एक उपप्रश्न. वरच्या तुकड्याला एक पाणंदही लागते, गावाचीच, पण आमच्याशिवाय तिकडून कुणी जात नाही. ती पण मोजायची का?

पदरमोड

कुणी जातं का हा प्रश्नच नाही, जाण्याचा हक्क आहे का एवढंच बघायचं. गावाची पाणंद असेल तर हो.

हौशी_ड्रायव्हर

मी वाचलं होतं की क्वाड्रिसायकलला सरकारने खाजगी वापरासाठी परवानगी दिली आहे. मग क्वाड बाइक त्यातच बसायला हवी ना? चार चाकं, छोटं इंजिन, दोन्ही एकच की.

स्पेकशीट

नाही हो, हा घोटाळा दर सहा महिन्यांनी कुणीतरी करतंच. क्वाड्रिसायकल म्हणजे बजाजची क्यूट. बंद बॉडी, छप्पर, दारं, स्टिअरिंग व्हील, २१६ सीसी. २०१८ च्या नोव्हेंबरात तो वर्ग खाजगी वापरासाठी खुला झाला. हँडल धरून घोड्यासारखं मांडी टाकून बसायची क्वाड बाइक हे वेगळंच जनावर आहे. तिला आपल्याकडे रस्त्यासाठी स्वतःची अशी खोलीच नाही.

म्हणूनच ट्रॅक्टरचं दार वापरलं गेलं. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ची खास ट्रॅक्टर आवृत्ती आपल्याकडे आणली होती, किंमत आठ लाखांच्या घरात. ती कृषी ट्रॅक्टर म्हणून नोंदवता यायची. तेव्हा "एटीव्ही ट्रॅक्टर म्हणून पास होते" ही अफवा पूर्ण खोटी नाही. पण त्यासाठी कंपनीने ते मॉडेल तपासून घेतलं होतं. मोटार वाहन नियम १२६ मध्ये तपासणी संस्थांची यादीच आहे: आपल्या पुण्याची वेताळ टेकडीवरची एआरएआय, नगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट, आणि ट्रॅक्टरसाठी मध्य प्रदेशातलं बुदनी. रिसॉर्टच्या मालकाने बुदनीचं तोंड पाहिलं असेल असं वाटत नाही.

डेट्रॉईटकर_दिनू

इकडची गंमत सांगतो. मी मिशिगनमध्ये गेली १४ वर्षं. पहिली एटीव्ही घेतली तेव्हा माझाही गोंधळ उडाला होता, कारण आपल्याकडे आरसी म्हणजे सगळंच. मालकी, नोंदणी, बँकेचा बोजा, सगळं एकाच कागदावर. इकडे ते सुटं असतं. "टायटल" हा मालकीचा कागद, म्हणजे गाडीचा सातबारा म्हणा ना. तो सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात मिळतो, कर्ज असेल तर त्यावर बँकेचं नाव चढतं. विकताना मागे सही करून देतात. टायटल नसलेली गाडी इकडे कुणी शहाणा माणूस घेत नाही, कितीही स्वस्त असली तरी. चोरीची निघाली तर पैसेही गेले आणि गाडीही.

आणि टायटल असलं म्हणजे चालवायची मुभा आली असं नाही. त्यासाठी नैसर्गिक संसाधन खात्याचे स्टिकर. मी घेतले तेव्हा लायसन्सचे २६ डॉलर २५ सेंट आणि ट्रेल परमिटचे १० डॉलर, आणि वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. अगदी आपलं आर्थिक वर्ष! सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचं तर जमिनीपासून दहा फूट उंच नारिंगी झेंडा लावावा लागतो, टेकडीपलीकडून येणाऱ्याला दिसावं म्हणून. आमच्या हिने त्याला पहिल्याच दिवशी "वारीला निघालास का" विचारलं.

रस्त्याचं म्हणाल तर बऱ्याच काउंट्यांनी ठराव करून गावरस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक, ताशी २५ मैलांच्या आत चालवायला मोकळीक दिली आहे. ॲरिझोनात तर आरसा, हॉर्न, ब्रेक लाइट वगैरे बसवून नंबरप्लेटच घेता येते.

हौशी_ड्रायव्हर

मग आपणही आरसे, इंडिकेटर, हॉर्न बसवून आरटीओला दाखवलं तर?

बारातेराचा_पाना

नाही चालत. आपल्याकडं कंपनीनं दिलेला तपशील बदलला की कलम ५२ आडवं येतं. आणि मुळात पासच नसलेल्या गाडीला इंडिकेटर लावणं म्हणजे म्हशीला घुंगरू.

दुसरं, कुणी बोलत नाही ते सांगतो. यातल्या बऱ्याच गाड्यांना मागच्या बाजूला डिफरन्शिअल नसतं. दोन्ही मागची चाकं एका लोखंडी रॉडवर, एकाच वेगानं फिरणार. मातीत चालतं, कारण आतलं चाक घसरून जागा करून घेतं. डांबरावर वळताना ते घसरायला तयार नसतं. मग गाडी वळायच्या ऐवजी सरळ ढकलते, नाहीतर उचलते. टायर पण कमी हवेचे, फुग्यासारखे. डांबरावर ते डुलतात. कायदा जाऊ दे, पण आज्जाला त्या रस्त्यावर बसवू नको एवढंच म्हणतो.

सईची_आई

लिहू का नको असं होत होतं, पण लिहितेच.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अलिबाग पट्ट्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. पाचशे रुपयांत एक राउंड. सई तेव्हा ११ वर्षांची. मुलगा म्हणाला, "ताई, मी मागे बसतो, ती फक्त हँडल धरेल." अर्ध्या वाटेत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला उतरला, आणि हिचा अंगठा ॲक्सिलरेटरवरच. गाडी ओल्या वाळूतून कोरड्या भुसभुशीत वाळूत गेली, एक चाक रुतलं आणि आडवी झाली. कॉलरबोन मोडलं. हेल्मेट होतं, पण मोठ्या माणसाच्या मापाचं, पट्टा तुटलेला.

पोलीस चौकीत गाडीचा नंबर विचारला. नंबराच्या जागी "राजे" लिहिलेली पाटी होती. विमा नाही, नोंदणी नाही. आमच्याकडून आधीच एका वहीत सही घेतली होती, "स्वतःच्या जबाबदारीवर". हवालदार ती वही बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय की." हॉस्पिटलचं बिल शेवटी आमच्याच मेडिक्लेममधून गेलं. सई आता बरी आहे. किनाऱ्यावर गेलं की तो आवाज ऐकून अजून माझा हात धरते.

पदरमोड

ताई, वाईट वाटलं वाचून. हवालदाराचं म्हणणं बरोबर नव्हतं. वहीतल्या सहीने विम्याची सक्ती टळत नाही आणि चालवणाऱ्याचा हलगर्जीपणाही माफ होत नाही. समुद्रकिनारा म्हणजे लोकांना जाण्याचा हक्क असलेली जागा, म्हणजे वरच्या व्याख्येप्रमाणे सार्वजनिक ठिकाण. तिथे १८ वर्षांखालच्या मुलाच्या हातात असं वाहन देताच येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक जबाबदार, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. "पालक" हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. ताईंना टोचायला नाही, या मे महिन्यात जे जाणार आहेत त्यांच्यासाठी.

डेट्रॉईटकर_दिनू

सईला खूप आशीर्वाद. इकडेही हे सगळं रक्त सांडूनच शिकले. पूर्वी तीन चाकी एटीव्ही मिळायच्या. इतके अपघात झाले, आणि त्यात इतकी मुलं, की १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या कोर्टातल्या समझोत्यात कंपन्यांनी नव्या तीन चाकी विकणं बंद केलं. ९० सीसीवरची गाडी १६ वर्षांखालच्यांना नाही, हा दंडकही त्याच समझोत्यातला.

सडाफटिंग

जरा अवांतर, पण धागाकर्ते राजापूरचे आहेत म्हणून. "सड्याला लागून" वाचून पोटात गोळा आला. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी ही कातळशिल्पांची (कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांची) गावं सगळी तुमच्याच तालुक्यातली. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण अजून न नोंदलेली किती तरी चित्रं गवताखाली आहेत, आणि कातळावर कोरलेली रेघ बोटभर खोल असते. जाडसर नक्षीचा टायर पावसाळ्यात शेवाळावरून चार वेळा गेला की काय उरणार? आणि पावसाळ्यातली ती बारकी फुलं वेगळीच. तुम्ही जाणार नाही माहीत आहे, पण गाडी दारात आली की गावातली पोरं "काका, एक राउंड" म्हणत येतातच.

गावठी_कोंबडा

@सडाफटिंग, नाव आवडलं. बाकी धाग्याचं पार आरटीओ ऑफिस करून टाकलंत.

कातळकडा

मंडळी, काल पुण्याला जाऊन आलो. सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून सविस्तर सांगतो.

रिसॉर्टच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये तिन्ही उभ्या. लांबून बऱ्या दिसतात. पुढच्या मडगार्डवर चिखल वाळून पापुद्रा झाला होता, नखाने खरवडला तर खाली पिवळा स्टिकर. चित्रं होती, वाचायची गरजच नाही. १६ च्या आतल्यांवर फुली, मागे माणूस बसवण्यावर फुली, डांबरी रस्त्यावर फुली. पानेसाहेब, तुमच्या त्या एका रॉडवरच्या चाकांचं चित्रच म्हणा.

चासी नंबर एका पत्र्याच्या पट्टीवर, ती पट्टी दोन रिव्हेटने ठोकलेली. एका गाडीची पट्टी गायबच, नुसती भोकं. बिल बघितलं. तीन नग, "मनोरंजन साधन", खाली शिक्का, "रस्त्यावर वापरण्यासाठी नाही". चासी नंबर एकाही नगापुढे नाही.

मग मी पासिंगचं विचारलं. त्याने मोबाइलवर एका आरसीचा फोटो दाखवला, "ही बघा, याच गाडीसारखीची करून दिलीय." नंबर लक्षात ठेवला आणि बाहेर चहाच्या टपरीवर येऊन परिवहनच्या ॲपमध्ये टाकला. नोंद खरी आहे. पण ती एका साध्या ट्रॅक्टरची आहे, बारा वर्षं जुन्या.

बारातेराचा_पाना

तेच सांगणार होतो, पण पुरावा नसताना कशाला बोला म्हणून गप्प बसलो. भंगारात गेलेल्या ट्रॅक्टरचे कागद उचलायचे, त्याचा नंबर ह्या गाडीवर मारायचा. त्याला पासिंग म्हणत नाहीत.

पदरमोड

त्याला बनावट दस्तऐवज म्हणतात, आणि तो गुन्हा मोटार वाहन कायद्यातला नाही, फौजदारी आहे. त्या आरसीवर विमा उतरवलात तरी दाव्याच्या वेळी चासी नंबर जुळणार नाही आणि कंपनी हात वर करेल. तुम्ही टपरीवर दोन मिनिटं खर्चून फार चांगलं केलंत.

स्पेकशीट

तुमची गरज खरं तर क्रेट आणि फवारणीचा पंप वाहण्याची आहे. लहान ट्रॅक्टर का बघत नाही? महिंद्राचा युवराज २१५ आहे १५ एचपीचा, व्हीएसटीचा १८ एचपीच्या आसपासचा आहे. द्राक्ष आणि डाळिंबवाले ओळींमधून हेच फिरवतात. रीतसर नोंदणी, विमा, आणि तुमच्या साध्या कारच्या लायसन्सवर चालतो, कारण हलक्या वाहनाच्या व्याख्येत ट्रॅक्टर आहेच. जुना घेतलात तर फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही तिथेच घ्या. राज्यातल्या राज्यात हस्तांतर कळवायला १४ दिवस असतात. आरसीवर बँकेचा बोजा दिसला तर आधी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, मग व्यवहार.

बारातेराचा_पाना

ट्रॉली घेतलीस तर तिचं पासिंग वेगळं, तिला वेगळा नंबर. हे निम्मे लोक विसरतात. गावठी कोंबडेसाहेब, तुम्हालाच म्हणतोय.

गावठी_कोंबडा

😀 कळलं. ट्रॉलीचे कागद शोधतोय. सापडले तर सांगतो.

कातळकडा

लांज्याला एक जुना युवराज बघितलाय. आरसी मालकाच्याच नावावर, बोजा नाही, ॲपमध्ये चासीचे शेवटचे आकडे जुळले. एटीव्हीपेक्षा थोडा महाग पडतोय, पण दादा एकदा बसून बघतो म्हणाले. तेवढ्यावरच अर्धी लढाई जिंकली.

अडचण एकच. वरच्या बागेत जायला गडग्यात वाट आहे ती साडेतीन फुटी. टेप लावून मोजलं, ट्रॅक्टर कसाबसा शिरेल, ट्रॉली अडणार. गडगा दीड फूट पाडावा लागेल आणि तो शेजारच्या आबांचा आणि आमचा सामाईक आहे. आबांशी दादांचं बोलणं १९९८ पासून बंद आहे, एका फणसावरून. आज संध्याकाळी जाऊन बघतो.

सईची_आई

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका हो. आणि दादांना बरोबर नेऊ नका.

सडाफटिंग

फणस तर मुळीच नेऊ नका.